१२ तारखेपर्यंत उलट्या, १३ पासून सरळ

परभणीच्या भाऊंचा प्रश्न वाचला: ऊस वजनपावत्यांची फाईल पांडाजमध्ये (पायथन भाषेतली, तक्ते हाताळायची लायब्ररी) घेतली की १२ तारखेपर्यंतच्या तारखा उलटतात, १३ पासून बरोबर येतात, कोडमध्ये काय चुकतंय? भाऊ, कोड राहू द्या, आधी फाईल बघा.

पांडाजची २ च्या आधीची आवृत्ती प्रत्येक ओळ वेगळी वाचते. ०२/०१ दिसलं की महिना आधी धरून १ फेब्रुवारी करते. १३/०१ ला तेरावा महिना नसतो, म्हणून तिथं गुपचूप बाजू बदलते. २ पासून तारखा वाचणारं 'टू_डेटटाइम' फंक्शन पहिल्या ओळीवरून साचा ठरवतं आणि त्यात न बसणारी १३ आली की एरर. एरर आली तर देव पावला म्हणा. 'डेफर्स्ट' (दिवस आधी आहे असं सांगणारा पर्याय) लावून निर्धास्त राहू नका, तो फार काटेकोर नाही. फॉरमॅट स्वतः लिहून द्या. पायथनमध्ये महिना छोटा एम, जावा भाषेत मोठा; उलटं केलं की महिन्याच्या जागी मिनिटं.

पण फाईलच बिघडलेली असेल तर फॉरमॅट देऊन काही होत नाही. आमचं तिथंच अडलं. एका कारखान्याच्या कार्यालयातून शेतकऱ्यांच्या गटासाठी पावत्यांची यादी घेतली होती. तिथल्या कॉम्प्युटरला अमेरिकन सेटिंग. काट्यावरची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) एक्सेलात उघडून, सेव्ह करून त्यांनी पाठवली. ०२/०१/२०२४ चं तिथं २/१/२०२४ झालं. बाबूंना ती २ जानेवारीच दिसते, आत मात्र ४५३२३ (एक्सेल तारीख दिवसांच्या आकड्यात ठेवतं), म्हणजे १ फेब्रुवारी. १३/०१ चा नुसता मजकूर राहिला, सेलच्या डावीकडे चिकटलेला. "आमच्या स्क्रीनवर बरोबर आहे, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये घोळ असंल." काट्यावरची मूळ फाईल द्या म्हटलं तर अर्ज करा. अर्ज केला तर त्याच यादीची प्रिंट, वर सही-शिक्का. काय बोलावं?

०५/१२ ची १२ मे झाली तर लगेच कळतं, मे महिन्यात कुठला आलाय गाळप? पण २ जानेवारीची १ फेब्रुवारी झाली तर दोन्ही हंगामातच, कुणाला शंका येत नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. २ जानेवारीच्या उसाचे १ लाख १० फेब्रुवारीला मिळाले तर २५ दिवस उशीर, व्याज साधारण १,०२७ रुपये. १ फेब्रुवारी धरली की उशीरच नाही, व्याज शून्य. (मी वकील नाही, दाव्यासाठी जाणकाराला विचारा.)

उपाय म्हणाल तर यादी पावती क्रमांकाने लावा. क्रमांक वाढताना तारीख मागं जाता कामा नये. एकदम महिनाभर उडी मारून परत आली की ती ओळ उलटलेली. पूर्ण फाईल एकाच मशीनवरून गेली असेल तर ज्या सेलमध्ये एक्सेलनं तारीख म्हणून धरलेला आकडा आहे तिथं दिवस-महिना अदलाबदल करा, मजकूरवाले सेल आहेत तसे वाचा. दोन मशीनची सरमिसळ असेल तर मात्र कागदी पावतीशिवाय गत्यंतर नाही.

तुमचा हंगाम वर्ष ओलांडतो म्हणून आणखी एक. जावात वर्षासाठी मोठा वाय कधी लिहू नका, तो आठवड्याचं वर्ष देतो, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजतात ते. ३० डिसेंबर २०२४ ला २०२५ छापून मोकळा. जावाचा तारखा वाचणारा जुना सिंपलडेटफॉरमॅट तर तेरावा महिना दिला तरी कुरकुर न करता पुढच्या वर्षाचा जानेवारी धरतो, त्याचा लिनियंट (चुकीची तारीख चालवून घ्यायची सेटिंग) बंद करा. खरं तर ती लायब्ररीच टाकून द्या, २०१४ पासून जावा ८ मध्ये चांगली सोय आहे. आणि ब्राउझरमध्ये 'एमआर-आयएन' लोकेल (भाषा-देशाची सेटिंग, इथं मराठी-भारत) दिलं की आकडे देवनागरीत येतात. स्क्रीनवर छान दिसतं, पण तीच स्ट्रिंग डेटाबेसला पाठवू नका. तिथं वर्ष-महिना-दिवस, आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे.

तुमची फाईल थेट काट्यावरची सीएसव्ही आहे का मधे कुणी एक्सेलात उघडली, तेवढं कळवा. आणि पांडाजची आवृत्तीही.