नवी बॅटरी घातली, तरी नुसता ‘टक’

प्रश्न : माझ्या छोट्या बोटीला चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन आहे, चावीवर सुरू होणारं. कधी ते झटक्यात चालू होतं, तर कधी नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. पुन्हापुन्हा चावी फिरवली की मग केव्हातरी फिरतं. बॅटरी नवीन घातली, मीटर 12.6 व्होल्ट दाखवतो. सगळे म्हणतात, स्टार्टर (इंजिन फिरवून देणारी मोटर) बदला. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे तो ‘टक’. एकच, खणखणीत आवाज येत असेल तर चावी, न्यूट्रलचा स्विच (गियरमध्ये असताना इंजिन सुरू होऊ न देणारा), फ्यूज आणि सोलेनॉइडची (चावी फिरवल्यावर स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या मोठ्या विद्युत स्विचची) कॉइल ही सगळी मंडळी आपापलं काम करताहेत. दोष बहुधा जाड वायरींच्या वाटेवर आहे : बॅटरीचे टर्मिनल, दोन्ही केबल, सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा खुद्द स्टार्टर. (‘टकटकटक’ अशी घाईची थरथर असती तर मी आधी बॅटरीकडेच बोट दाखवलं असतं.)

आता ते 12.6 व्होल्ट. आकडा खरा आहे, बॅटरी भरलेली आहे. पण मीटर जवळजवळ शून्य करंट घेतो आणि स्टार्टर शंभर अँपिअरच्याही वर. नळ बंद असताना पाइपात पाण्याचा दाब पूर्ण असतो; आत गाळ किती साचलाय ते नळ सोडल्यावरच कळतं. एखाद्या सांध्यात फक्त 0.02 ओहमचा अडथळा धरा. 150 अँपिअर वाहताना तिथेच 3 व्होल्ट खर्ची पडतात आणि स्टार्टरच्या हाती उरतं ते पुरत नाही. म्हणून माझा आग्रह एकच : मोजायचं ते चावी फिरवलेली असताना.

त्याआधी थोडी काळजी घ्या. इंजिनाचं झाकण काढून पेट्रोलची वाफ पूर्ण निघून जाऊ द्या, गियर न्यूट्रलमध्ये ठेवा, पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कोणी उभं राहायचं नाही. इमर्जन्सी स्टॉपची दोरी काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरलं तरी चालू होणार नाही. (काही इंजिनांत दोरी काढल्यावर स्टार्टरही फिरत नाही, तसं असेल तर कंपनीच्या पुस्तकात स्पार्क बंद ठेवण्याची जी पद्धत दिली असेल, ती वापरा.) चावी एका वेळी काही सेकंदच धरा आणि मध्ये स्टार्टरला थंड व्हायला वेळ द्या.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवा. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, त्यावर बसवलेल्या लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही. काळं टोक स्टार्टरच्या जाड बोल्टवर. चावी न फिरवता इथे बारा-साडेबारा दिसेल. घाबरू नका, सोलेनॉइड उघडा असल्यामुळे तसं दिसतं. दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली आला तर ही बाजू निर्दोष. ‘टक’ वाजूनही आकडा तसाच वर राहिला किंवा दोन-तीनवर अडकला, तर हीच वाट तुकड्यातुकड्याने मोजा : खांब ते लग, लग ते सोलेनॉइडचा पहिला बोल्ट, मग सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट एकमेकांशी. या शेवटच्या जोडीत पूर्ण बारा व्होल्ट राहिले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. सोलेनॉइड बदला, स्टार्टरला हात लावू नका.

मग निगेटिव्ह बाजू. ही बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि माझा पहिला संशय इथेच आहे. एक टोक निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूवर, आणि चावी फिरवा. इथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसलं तर केबलचं इंजिनाकडचं टोक सोडवा. लग वरून चकचकीत असेल, पण त्याच्यामागे बोटभर अंतरावर केबल वाकवून बघा. कडक लागली, आत करकरल्यासारखं वाटलं, तर प्लॅस्टिक थोडं सोला. खारं पाणी तारांच्या मधून वर चढतं. तांबं काळं पडतं आणि त्यावर हिरवी पूड धरते. लख्ख तांबं लागेपर्यंत कापा आणि नवा लग दाबून बसवा. लांबी पुरत नसेल तर पूर्ण केबल बदला. कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची, आहे तितकीच जाड किंवा अधिक. बारीक केबल कधीच नको.

बॅटरीवर हाताने पिळायचे पंखवाले नट असतील तर ते आजच काढून टाका. बोटीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ हा खेळ तिथूनच सुरू होतो. षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर घालून पान्याने आवळा. इंजिनाची जाड लग सर्वांत खाली, थेट टर्मिनलला चिकटलेली हवी. फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र), दिवे यांच्या बारीक वायरी तिच्यावर. उलटा क्रम मी अनेक बोटींवर पाहिलाय, आणि मग सगळा भार त्या पातळ रिंगेतून जातो.

मीटर नसेल तर चार-दोनदा चावी फिरवून लगेच एकेक सांधा जपून चाचपा. जो गरम लागेल, तिथे तुमची वीज उष्णतेत जातेय.

दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या, आणि चावी फिरवलेली असताना स्टार्टरचा बोल्ट आणि त्याचं अंग यांच्यात अकरा-बारा व्होल्ट येऊनही तो ढिम्म राहिला, तेव्हाच तो उतरवा. बहुधा आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले निघतील. उलट बॅटरीच्या खांबांवरच व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळलं, तर बॅटरी नवी असली तरी एकदा लोड लावून तपासून घ्या. तीही ठीक असेल तर इंजिन अडकलंय का, सिलिंडरमध्ये पाणी शिरलंय का, ते प्लग काढून बघा.

प्रश्न : चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही. गियरचा दांडा जरा पुढेमागे हलवला की चालू होतं. न्यूट्रलच्या स्विचच्या वायरी थेट एकमेकींना जोडून तो कायमचा निकामी करून टाकू का?

उत्तर : नाही. कृपा करून करू नका. गियरमध्ये असताना इंजिन चालू झालं तर बोट उसळते आणि उभा माणूस पाण्यात जातो, तोही फिरत्या पंख्याजवळ. स्विचचा किंवा गियर केबलचा नेम सरकलाय, तो जुळवा. स्विच खराब निघाला तर बदला.

प्रश्न : स्टार्टर घूंऽऽ करून जोरात फिरतो, पण इंजिन जागचं हलत नाही.

उत्तर : वीज पुरेशी आहे. स्टार्टरच्या दांड्यावरची छोटी पिनियन (दातेरी चाक) वर सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनावरच्या मोठ्या जड चाकाच्या) दात्यांत बसत नाहीये. तिथे जाड ग्रीस भरलेलं असेल तर तेच कारण. धूळ धरून ते घट्ट होतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, दांड्याची चरं पुसून स्वच्छ करा, हलक्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि पिनियन बोटाने वर सरकवून बघा. सहज वर जाऊन स्प्रिंगने खाली आली पाहिजे. दाते खाल्लेले असतील तर पिनियन बदला आणि फ्लायव्हीलचे दाते पूर्ण वेढा फिरवून तपासा.