सफरचंदावरचे मेण, द्राक्षांतला औषधाचा अंश आणि दुकानदाराची नोटीस

प्रश्न : मी बेळगावच्या शहापूर भागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी शहरातील एका मोठ्या फळांच्या दुकानातून उपवासासाठी दोन किलो परदेशी सफरचंदे आणि एक किलो द्राक्षे घेतली. पक्के बिल आहे. घरी सफरचंद चाकूने खरवडले तेव्हा मेणाचा पांढरा भुगा निघाला. द्राक्षांना औषधासारखा वास होता आणि ती खाल्ल्यावर रात्री नातवाला उलट्या झाल्या. मी मोबाइलवर चित्रण केले, त्यात दुकानाचे नाव घेऊन ‘इथे विष विकले जाते’ असे म्हटले आणि ते महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. पुतण्याने ते फेसबुकवर घातले. आता दुकानदाराने वकिलामार्फत इंग्रजीत नोटीस पाठवून पंधरा दिवसांत लेखी माफी आणि पाच लाख रुपये मागितले आहेत. त्यातले सहा दिवस गेले. द्राक्षे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून आली असे तो सांगतो. मी तक्रार करू शकते का? कुठे? मराठीत चालेल का? दोन सफरचंदे अजून फ्रीजमध्ये आहेत.

बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात मेण, औषधाचा अंश आणि नातवाचे आजारपण अशा तीन गोष्टी आल्या आहेत. चित्रणात त्या तिन्ही एकाच वाक्यात बांधल्या गेल्या आणि दुकानदाराच्या वकिलाने नेमके तेच वाक्य धरले आहे. कायद्यापुढे या तिन्हींचे नियम वेगळे, पुरावा वेगळा आणि कधीकधी जबाबदार माणूसही वेगळा असतो. म्हणून नोटिशीचे उत्तर लिहिण्याआधी त्या एकमेकींपासून सोडवून घेणे भाग आहे.

मेणापासून सुरुवात करतो, कारण चाकूने जे दिसले ते मेणच होते. सफरचंदाच्या सालीवर मुळात नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. तोडणीनंतर फळ धुताना तो बराचसा निघून जातो आणि मग लांबच्या प्रवासात फळातले पाणी उडून ते सुरकुतू नये म्हणून वरून मेण चढवले जाते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खाली केलेल्या 2011 च्या विनियमांत मूळ नियम असा आहे की, ताज्या फळांवर मेण, खनिज तेल किंवा रंग यांचा लेप असता कामा नये. मात्र त्यालाच जोडलेल्या अपवादानुसार मधमाशांचे मेण, कार्नोबा मेण आणि लाखेचे मेण ही तीन मेणे मर्यादित प्रमाणात लावता येतात, आणि त्यासाठी फळाला मेण लावले आहे व ते कोणते आहे हे लेबलवर नमूद करावे लागते. म्हणजे मेण निघाले एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. मेण या तिघांपैकी होते का आणि ते जाहीर केले होते का, हे दोन प्रश्न उरतात.

यातला दुसरा प्रश्न किरकोळ समजू नये. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळते, तर लाख आणि मधमाशांचे मेण कीटकांपासून येते. उपवासाचे फळ म्हणून जे घरात आणले त्यावर काय लावले आहे, हे आपल्यासारख्या गृहिणीला विकत घेण्यापूर्वी कळायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्या फळावरच्या चिकटपट्टीवर बहुधा फक्त कंपनीचे नाव आणि एक क्रमांक असतो, आणि मेणाची माहिती असलीच तर ती पेटीवर असते. ती पेटी दुकानदाराने आपल्याला दाखवली नसेल, तर तेवढी तक्रार योग्य ठरेल. पेटीवरही माहिती नसेल, तर चुकीचे किंवा अपुरे लेबल असलेले अन्न विकल्याबद्दल कलम 52 लागू पडते, ज्यात तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

द्राक्षांचे प्रकरण याहून अवघड आहे. फवारणीच्या औषधाचा अंश चाकूने दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि वासावरून खात्रीने सांगता येत नाही. द्राक्षावरचा पांढरट थर तर बहुतेक वेळा फळाचा स्वतःचाच असतो. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक कीटकनाशकाचा अंश कोणत्याही अन्नपदार्थात असता कामा नये, आणि ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही तिथे एका किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली जाते. इतका सूक्ष्म अंश प्रयोगशाळेतच सापडतो. 2010 मध्ये भारतातून युरोपात गेलेली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे नाकारली गेली आणि आपल्या भागातल्या अनेक बागायतदारांना त्याची झळ बसली. ती द्राक्षेही दिसायला आणि चवीला उत्तमच होती. त्यामुळे आपली द्राक्षे निर्दोष होती असे मी म्हणत नाही. ती सदोष होती हे आज दाखवून देता येणार नाही, कारण ती खाऊन संपली आहेत.

नातवाच्या उलट्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते आणि आता तो बरा असेल अशी आशा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद जपून ठेवा. परंतु त्यावर केवळ पोट बिघडल्याचे लिहिले असेल, तर द्राक्षे आणि उलट्या यांचा संबंध त्यातून सिद्ध होणार नाही. कलम 65 मध्ये अन्नामुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी अन्न सदोष असल्याचे आणि इजा त्यामुळेच झाल्याचे ठरावे लागते.

आता नोटिशीकडे वळू. ती न्यायालयाची आज्ञा नाही, एका पक्षकाराची मागणी आहे. पंधरा दिवस उलटले म्हणून आपोआप काही होत नाही. तरीही उत्तर दिलेच पाहिजे, कारण पुढे दावा झाला तर आपण गप्प राहिलात हेच आपल्याविरुद्ध वापरले जाईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी हा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशा शिक्षेचा गुन्हा आहे, परंतु तो अदखलपात्र आहे. पोलीस वॉरंटाशिवाय दारात येऊन अटक करू शकत नाहीत, तेव्हा त्या धास्तीने कोणत्याही कागदावर सही करू नका. याच कलमाच्या अपवादांत लोकहितासाठी केलेले सत्य विधान आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान यांना संरक्षण आहे. ‘मी हे सफरचंद खरवडले आणि हे मेण निघाले’ हे आपले म्हणणे या संरक्षणात बसते, कारण ते डोळ्यांनी दिसते आणि खरे आहे. ‘इथे विष विकले जाते’ हे वाक्य मात्र त्यात बसवणे कठीण आहे, कारण ते सिद्ध करणारा अहवाल आपल्या हाती नाही. आपला हेतू मला पूर्ण पटतो, पण न्यायालयात प्रश्न शब्दांचा निघेल.

म्हणून माझा सल्ला असा की, चित्रण आजच ग्रुपवरून आणि फेसबुकवरून काढून टाकावे. पुतण्यालाही सांगावे, कारण त्याने ते पुढे पसरवले ही त्याची स्वतंत्र जबाबदारी आहे. मात्र मूळ चित्रण फोनमध्ये काटछाट न करता तसेच ठेवावे. पुढे ते पुरावा म्हणून सादर करायचे झाल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल. दुकानदाराने धाडलेला माफीचा मसुदा जसाच्या तसा स्वीकारू नये, कारण त्यात आपण खोटे बोललात अशी कबुली असण्याची दाट शक्यता आहे. वकिलामार्फत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने उत्तर पाठवावे. त्यात चित्रण काढल्याचे कळवावे, ‘विष’ हा शब्द कोणत्याही अहवालावर आधारलेला नव्हता आणि तो मागे घेत आहोत असे स्पष्ट लिहावे, मेणाबद्दलचे म्हणणे मात्र कायम ठेवावे, भरपाईची मागणी नाकारावी आणि सोबत दोन गोष्टी मागाव्यात : सफरचंदाच्या पेटीवरच्या लेबलचे छायाचित्र आणि द्राक्षांच्या खरेदीचे बिल.

त्या बिलाला महत्त्व आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 26(4) नुसार व्यापाऱ्याने दुकानदाराला दिलेले बिल हीच मालाच्या दर्जाची हमी मानली जाते, आणि माल कोणाकडून आला हे दुकानदाराला सांगता आले नाही, तर कलम 27 प्रमाणे तो स्वतः जबाबदार ठरतो. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून माल आला म्हणून त्याची सुटका होत नाही, कारण हा केंद्राचा कायदा आहे आणि तो कोल्हापुरात व बेळगावात सारखाच चालतो. दंडाचे प्रकरण जिथे विक्री झाली त्या जिल्ह्यात, अप्पर जिल्हाधिकारी दर्जाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालते. शेतकऱ्याच्या शेतावरच्या मालाला मात्र कलम 18(3) ने या कायद्यातून वगळले आहे. दुकानदाराने वाजवी काळजी घेतल्याचे दाखवले तर त्यालाही बचाव मिळतो. त्यामुळे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघूनही जबाबदार माणूस शोधणे कठीण होते. ही या कायद्यातली खरी उणीव आहे आणि तिची किंमत आपल्यासारखे ग्राहक मोजतात.

तक्रार जरूर करावी. जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे बिलाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्या दुकानातील सध्याच्या मालाचे नमुने घेण्याची विनंती करावी. अधिकारी कलम 47 प्रमाणे नमुन्याचे चार भाग करतो आणि विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. हे प्रकरण न्यायालयात नेण्याची मुदत साधारणपणे एक वर्षाची आहे. याखेरीज कलम 40 खाली कोणताही ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न तपासून घेऊ शकतो आणि माल सदोष निघाल्यास ते शुल्क परत मिळते. याला एक अट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते : ‘हा माल मी तपासायला देणार आहे’ हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. या वेळी ते राहून गेले. पुढच्या वेळी बिल होतानाच, शक्यतो एका साक्षीदारासमोर, तसे सांगा.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मग व्यापारी कोल्हापूरचा असला तरी चालते. मुदत दोन वर्षांची आहे आणि खरेदीची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. तरीही नमुना नसताना द्राक्षांबद्दल आज तिथे जाऊ नये असे मी म्हणेन. अन्न विभागाचा अहवाल हाती आला तर तो घेऊन जावे.

भाषेबद्दल आपण संकोचाने विचारले आहे, म्हणून सविस्तर सांगतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणसाला हा हक्क कुणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही, आणि मराठी अर्ज घेण्यास नकार देणे चुकीचे आहे. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र त्यात नाही. मी माझ्या पक्षकारांना मराठी अर्जामागे कन्नड भाषांतर जोडायला सांगतो, कारण ज्या अधिकाऱ्याने दुकानात जाऊन नमुना घ्यायचा त्याला प्रत्येक ओळ कळावी हे आपल्याच हिताचे आहे, आणि फळांचा प्रश्न भाषेच्या वादात अडकून पडू नये. ग्राहक आयोगापुढे जाताना मात्र कागद कन्नड किंवा इंग्रजीत करून घ्यावेत.

राहिली फ्रीजमधली दोन सफरचंदे. कलम 40 साठी ती चालणार नाहीत, आणि ती त्याच दुकानातली नाहीत असा आक्षेप दुकानदार घेईल. तरी ती टाकू नका. चिकटपट्टीसह स्वच्छ पिशवीत बंद करून, त्यावर तारीख घालून ठेवा आणि त्यांना पुन्हा चाकू लावू नका. लेप परवानगी असलेल्या मेणाचा आहे की खनिज तेलाचा हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला तपासता येते. तो खनिज तेलाचा निघाला तर अधिकाऱ्याने तातडीने नमुने घ्यावेत म्हणून आपल्या अर्जाला तो भक्कम आधार होईल. नोटीस, तिचे पाकीट आणि बिल घेऊन दोन-तीन दिवसांत आपल्या वकिलांना भेटा. नऊ दिवसांत उत्तर निघायला हवे.