फुटबॉलमधल्या 'डाइव्ह'ला मराठीत काय म्हणायचं? सूर, सोंग, रडी की कांगावा

वेंगुर्ल्याकडच्या एका गावातून प्रश्न आलाय. तिथल्या मंडळाची फुटबॉलची स्पर्धा दिवाळीनंतर आहे, नियमांचं पत्रक यंदा पहिल्यांदाच मराठीत काढायचं ठरलंय आणि एका नियमापाशी सगळे अडलेत. धक्का लागलेला नसताना मुद्दाम पडायचं, पाय धरून लोळायचं आणि रेफ्रीकडून पेनल्टी नाहीतर समोरच्याला कार्ड मिळवायचं, ज्याला सगळे 'डाइव्ह' म्हणतात, त्याला मराठीत काय लिहायचं? एकाने 'सूर मारणे' लिहिलं, दुसऱ्याने ते खोडून 'सोंग करणे' केलं, तिसरा म्हणतो सरळ 'चीटिंग' लिहा, पोरांना तेच कळतं.

माझ्या मते शब्द आहे 'कांगावा'. आता का ते सांगतो, जरा लांबेल, पण हा विषय माझ्या जवळचा आहे.

आधी 'सूर'. डाइव्हचं सरळ मराठी म्हणून तो डोक्यात येणं साहजिक आहे, विहिरीत सूर मारतात, फिल्डर सूर मारून कॅच घेतो, गोली सूर मारून बॉल अडवतो. पण म्हणूनच तो इथे नको. सूर मारणं हे कौतुकाचं काम आहे, त्यात माणूस अंग झोकून देतो आणि खरोखर काहीतरी वाचवतो. गोलीने उजवीकडे सूर मारला म्हटलं की टाळ्या पडतात. त्याच शब्दाखाली त्याच पत्रकात पिवळं कार्ड लिहिलं तर वाचणारा गोंधळेल, आणि गोलीवर अन्याय होईल तो वेगळाच. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो म्हणून मराठीनेही तसंच चालवावं असं काही नाही.

दुसऱ्या भाषांनीही आपापलं चित्र शोधलंच की. जर्मनमध्ये अशा पडण्याला 'श्वाल्बे' म्हणतात, म्हणजे पाकोळीसारखा जमिनीलगत सपकन झेपावणारा एक पक्षी, आणि स्पॅनिशमध्ये 'पिसिनासो', त्यात पिसिना म्हणजे पोहण्याचा तलाव, पेनल्टी एरियात पाणी असल्यासारखा माणूस उडी घेतो म्हणून. दोन्ही चित्रं बघायला छानच आहेत पण त्यात पडणारा एकटाच दिसतो. ज्याच्यावर आळ आला तो कुठेच नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

'सोंग'बद्दल जास्त बोलायला हवं, कारण तो शब्द सुचवणारा चुकलाय असं मला म्हणता येत नाही. झोपेचं सोंग, आजाराचं सोंग असं आपण म्हणतोच, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही ही म्हण तर घरोघरी आहे. लागल्याचं सोंग हा प्रयोग मराठीत अगदी बरोबर आहे. पण पत्रक निघतंय तळकोकणात. आपल्याकडे सोंग म्हटलं की शिमग्याची सोंगं येतात, आणि जत्रेत देवळासमोर रात्रभर चालणारा दशावतार आठवतो, ज्यात शेतात राबणारा माणूस स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावून राजा होतो नाहीतर साडी नेसून राणी होतो आणि बघणाऱ्यांना पहाटेपर्यंत जागचं हलू देत नाही. तिथे सोंगात फसवणूक नसते, बघणाऱ्याला माहीत असतं आणि करणाऱ्यालाही माहीत असतं की हे सोंग आहे. संकासूर दिसला की पोरं पळतात, पण त्याने आपल्याला फसवलं असं कुणी म्हणत नाही. डाइव्ह मारणाऱ्याचं सगळं काम समोरच्याला ते सोंग आहे हे न कळण्यावर चालतं. हाच फरक आहे, आणि म्हणून आपल्या भागात तरी हा शब्द शिक्षेच्या कलमात घालू नये असं मला मनापासून वाटतं. 'नाटक'चंही तेच.

आता 'चीटिंग', आणि तिच्या जुन्या मराठी बहिणी. पत्त्यांत करतात ती अंचई, गोट्यांत आणि विटीदांडूत करतात ती रडी. 'रडीचा डाव' तर इतका चांगला शब्द आहे की मी बराच काळ डाइव्हला तोच म्हणायचो, त्यात रडही आहे आणि लबाडीही आहे, आणि मैदानावर पडलेला माणूस खरोखर रडका चेहराच करत असतो. पण नीट बघितलं तर रडी वेगळी आहे. रडी खाणारा पोरगा आपलं आऊट होणं मान्य करत नाही, विटी झेलली तरी जमिनीला टेकली होती म्हणतो, राज्य त्याच्यावर आलं की टाईमप्लीज म्हणतो. स्वतःवरचं टाळतो. डाइव्ह मारणारा दुसऱ्यावर ढकलतो. त्याने मला पाडलं, त्याला शिक्षा करा, असं तो बोलतो, तोंडाने नाही तर अंगाने. आणि 'चीटिंग' हा शब्द चुकीचा नाही पण फार मोठा आहे, त्यात सगळंच बसतं. 1986 च्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला तीही चीटिंगच, पण तिथे कुठल्या इंग्लिश खेळाडूवर खोटा आळ नव्हता. 2010 मध्ये उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल लाईनवर हाताने अडवला, त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, ती त्यांनी घालवली हे खरं, पण जे केलं ते उघड्यावर केलं आणि नियमाने त्याची किंमतही घेतली. या दोन्हीला आपण लबाडी म्हणू, हातचलाखी म्हणू, कांगावा म्हणणार नाही. कलम लिहिताना नेमकेपणा हवा तो यासाठी.

कांगावा म्हणजे आपल्यावर अन्याय झाल्याचा खोटा आरडाओरडा, बहुतेकदा अपराध स्वतःचाच असताना. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण त्याच घरातली. या शब्दात तीन माणसं एकदम उभी राहतात: ओरडणारा, ज्याच्या नावाने ओरडतोय तो, आणि ज्याने ते ऐकून निकाल द्यायचा तो. फुटबॉलमध्ये तेच तिघे असतात, पडणारा, बॅक (म्हणजे बचावाला खेळणारा) आणि रेफ्री. दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दात हे तिघं मला एकत्र सापडत नाहीत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1989 चं आहे. वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत ब्राझील आणि चिली रिओच्या माराकाना स्टेडियमवर खेळत होते, चिली एका गोलने मागे, प्रेक्षकांतून पेटता फ्लेअर मैदानात पडला आणि चिलीचा गोली रोबेर्तो रोहास रक्तबंबाळ होऊन खाली कोसळला. सहकाऱ्यांनी त्याला उचलून नेलं आणि चिलीची टीम परत खेळायला आलीच नाही. नंतर फोटोंत दिसलं की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता, हातमोज्यात लपवलेल्या ब्लेडने त्याने स्वतःला कापून घेतलं होतं. फिफाने मॅच ब्राझीलला 2-0 अशी दिली, चिलीला 1994 च्या वर्ल्डकपमधून बाहेर ठेवलं आणि रोहासवर आजन्म बंदी घातली, जी पुढे 2001 मध्ये उठवली. आता याला 'सूर' म्हणणार का? रक्त खरं होतं, म्हणून 'सोंग' म्हणायलाही जीभ अडखळते. कांगावा मात्र शंभर टक्के.

दुसरं 2002 च्या वर्ल्डकपमधलं, ब्राझील विरुद्ध तुर्कस्तान. रिव्हाल्डो कॉर्नर घ्यायला उभा होता, तुर्कस्तानच्या हाकान उन्सालने बॉल त्याच्या दिशेने लाथाडला, लागला पायाला आणि रिव्हाल्डो तोंड धरून खाली पडला. उन्सालला दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला. रिव्हाल्डोला फिफाने नंतर पैशांचा दंड केला, मॅचची बंदी नाही, तो पुढे खेळत राहिला आणि ब्राझीलने कप जिंकला. उन्सालने बॉल मारायला नको होता हे मान्य, पण बाहेर जायला लागलं ते त्या तोंड धरण्यामुळे. माझा जीव तिथे अडकतो.

कारण हे मी पुळणीवर बघितलंय. ओहोटीला किनाऱ्यावर मॅच रंगात आली होती, आमच्या वाडीतला एक पोरगा बॅकला खेळत होता, बारावीतला, कधी कुणाला शिवी न देणारा. समोरचा फॉरवर्ड त्याच्या बाजूने जाता जाता तोंड धरून वाळूत लोळायला लागला. आम्ही बाजूला उभे होतो, म्हातारी माणसंसुद्धा ओरडली, "काय्येक लागाक नाय तेका, उगीच बोंबलता!" पण रेफ्रीची पाठ होती, त्याने फक्त लोळणारा बघितला आणि पोराला लाल कार्ड दिलं. पोरगा काही न बोलता चपला हातात घेऊन घरी गेला आणि पुढे दोन महिने खेळायलाच आला नाही, त्याच्या आईला वाटायचं याने खरंच कुणाला मारलं. म्हणून मला त्या कलमात असा शब्द हवाय ज्यात तो पोरगाही दिसेल.

शिक्षेचं म्हणाल तर नियमाने वाट करून ठेवलीय. 1999 मध्ये फुटबॉलच्या नियमांत आलं की रेफ्रीला फसवायला केलेलं ढोंग, मैदानात कुठेही असलं तरी, अखिलाडू वर्तन धरायचं, म्हणजे पिवळं कार्ड, आणि त्यासाठी खेळ थांबवला असेल तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. हा नियम बाराव्या कलमात आहे. अडचण अशी की रेफ्रीला दिसलं तर. फसला तर काय? त्यावर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2017 मध्ये नवीन नियम आणला, तो मला शब्दांच्या दृष्टीनेही फार आवडतो, कारण तो नुसत्या पडण्याला शिक्षा करत नाही, पडून रेफ्रीला फसवण्यात यश मिळालं त्याला करतो. म्हणजे पडल्यामुळे पेनल्टी मिळाली किंवा समोरचा बाहेर गेला असेल, तर मॅचनंतर तिघांच्या समितीने व्हिडिओ बघायचा आणि तिघांचंही एकमत झालं तर पुढची कारवाई, शिक्षा दोन मॅचची बंदी. प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा ती एव्हर्टनच्या उमर नियासला मिळाली, नोव्हेंबर 2017 मध्ये, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पेनल्टी मिळवली म्हणून. पेनल्टीवरचा गोल मात्र राहिला, मॅच 2-2 ची 2-2 च. पुढच्या मॅचेसमधून त्याला बाहेर ठेवून पॅलेसचं काय भरून निघालं हा प्रश्न मला अजून छळतो. व्हीएआर, म्हणजे मॅच चालू असतानाच व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, असेल तर निदान जागच्या जागी सुधारता येतं, 2018 च्या वर्ल्डकपमध्ये कोस्टारिकाविरुद्ध नेमार मागे झुकून पडला, रेफ्रीने आधी पेनल्टी दिली आणि स्क्रीनवर बघून परत घेतली. तुमच्या स्पर्धेत स्क्रीन नसणार, पण प्रत्येक मॅच आता मोबाईलवर कुणीतरी काढतंच, तेव्हा मॅचनंतर बघून बंदी घालण्याचं कलम तुम्हीही ठेवू शकता, आणि चुकून दिलेलं लाल कार्ड पुढच्या मॅचसाठी रद्द करण्याचं तर नक्की ठेवा.

फक्त एक सांभाळा. प्रत्येक पडणं कांगावा नसतं. पडण्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत बघा, अडखळणं, ठेचकाळणं, धडपडणं, घसरणं, कोलमडणं, आपटणं, भेलकांडणं, आणि यातलं एकही मुद्दाम करता येत नाही. समोरून घसरत येणारा पाय चुकवायला कुणी उडी मारली आणि तोल जाऊन पडला तर ते धडपडणं झालं, त्याला फाऊलही नको आणि कार्डही नको. सड्यावरच्या मैदानात हा प्रश्न कमी येतो, कातळावर ढोपर फुटतं म्हणून तिथे हौसेने कुणी पडत नाही, पुळणीवर किंवा पाऊस संपताना मऊ झालेल्या शेतात जास्त येतो. मुद्दाम पडण्याला वेगळा शब्द हवाच असेल तर 'अंग टाकणं' आहे, ते मी कलमात पुरवणीला घेईन. 'लोटांगण' मात्र कृपा करून कुणी लिहू नका, तो देवापुढचा शब्द आहे.

तर पत्रकात असं लिहा: "फाऊल झालेला नसताना मुद्दाम अंग टाकून, किंवा लागलेलं नसताना लागल्याचं भासवून, प्रतिस्पर्ध्याविरुद्ध कांगावा करणाऱ्या खेळाडूला ताकीद (पिवळं कार्ड) देण्यात येईल. अशा कांगाव्यामुळे पेनल्टी मिळाली किंवा प्रतिस्पर्ध्याला मैदान सोडावं लागलं असं नंतर सिद्ध झाल्यास त्या खेळाडूवर पुढील दोन सामन्यांची बंदी राहील." पिवळ्या कार्डाला 'दंड' लिहू नका, दंड म्हटला की लोकांना पैसे आठवतात, ताकीद बरोबर आहे. आणि 'प्रतिस्पर्ध्याविरुद्ध' हा शब्द जागा वाचवायला म्हणून गाळू नका.

माईकवरून सांगायला मालवणीत हवं असेल तर 'कांगावो' चालेल, "खोटो कांगावो करूचो नाय" एवढं मॅचच्या आधी एकदा बोललात तरी पोरांना कळेल.