घर केवढं, केवढ्याला? वाचकांचे प्रश्न

घरांच्या किमतीवर प्रश्न पाठवा म्हटलं तर डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच, तिकडे मोठं घर स्वस्तात मिळतंय आणि आम्हीच कसे अडकलो. सगळी छापणं शक्य नाही, सहा निवडलीयेत.

प्रश्न (डोंबिवली): ह्यांची बदली नागपूरला होतेय. इथला आमचा टू बीएचके ५९० कार्पेट. तेवढ्याच पैशात नागपुरात बिल्डर अकराशे फुटांचा टू बीएचके देतोय, वर कार पार्किंग. नणंद म्हणते डोळे झाकून घे. खरंच डबल घर मिळतंय का हो?

उत्तर: डबल नाही ताई, पण मोठं नक्की मिळतंय. आधी विचारा अकराशे कसले? तुमचे ५९० कार्पेट आहेत, म्हणजे आतली वापरायची जागा, त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत. ही व्याख्या २०१६ च्या रेरा कायद्यातली (बिल्डरांना शिस्त लावणारा कायदा) आहे आणि त्याचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण महारेरा मे २०१७ पासून चालू आहे, तरी सेल्सवाला तोंडी बोलताना अजून सुपर बिल्टअपच सांगतो कारण आकडा मोठा वाटतो ना. त्यात जिना, लिफ्टची लॉबी, वॉचमनची केबिन, क्लब हाऊस असेल तर तेही तुमच्या डोक्यावर वाटून टाकलेलं असतं. समजा लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली ही वाढीव जागा, ३५ टक्के धरलं तर अकराशेचे कार्पेट होतात साधारण ८१५. म्हणजे सव्वादोनशे फूट जास्त, एक ऐसपैस बेडरूम आणि वर थोडं. वाईट नाहीच, पण नणंदेला सांगा डबल नाही.

आता स्वस्त का, तर सिमेंट, सळई, टाइल्स, ह्यांचे भाव नागपूर काय आणि डोंबिवली काय फार वेगळे नसतात. उंच टॉवर असेल, खाली दोन मजले पार्किंग असेल तर बांधकाम महाग पडतं हे खरं, पण मोठा फरक जमिनीचा. मुंबईला तीन बाजूंनी पाणी, त्यात १९९१ च्या नियमांत शहरात एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.३३ आणि उपनगरात १, त्याआधी १९७६ पासून नागरी जमीन कमाल धारणा कायदा जो महाराष्ट्रात २००७ पर्यंत ठेवला, त्यामुळे जमीन अडकून पडली आणि माणसं मात्र येतच राहिली. ती सगळी लोकल पकडून डोंबिवलीपर्यंत आली. तुमच्या ५९० फुटांत किती पैसे घराचे आणि किती ‘स्टेशनपासून चालत ८ मिनिटं’चे हे एकदा मनात वेगळं करून बघा. नागपूरला चारही बाजूंनी पसरायला जागा, तिथे माणूस अजूनही फ्लॅटच्या आधी प्लॉटचं बोलतो. तुम्हालाही कोणीतरी प्लॉट दाखवणारच, तेव्हा एनए (बिगरशेती) झालाय का आणि आर.एल. (नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) आहे का हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

आणि हो, टॉप फ्लोअर स्वस्त देतो म्हणाला तर मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन त्या हॉलमध्ये अर्धा तास बसा. ४५ डिग्रीत स्लॅब तापतो तेव्हा वाचलेले पैसे एसीच्या बिलात जातात. लोकलचा पास जाऊन घरात दोन गाड्या येतील तो खर्चही धरा.

प्रश्न (कोल्हापूर): लेक नोकरीला म्युनिकला गेलीया. टू झिमरचं घर भाड्यानं घेतलं म्हणाली, आम्हाला वाटलं दोन बेडरूम, मग आम्ही दोघं उन्हाळ्यात राहायला जाऊ. आता म्हणती एकच बेडरूम हाय आणि किचनच नाही! फसवलं का पोरीला?

उत्तर: नाही काका, तिकडे असंच असतंय. जर्मनीत हॉलसुद्धा खोलीतच मोजतात, म्हणजे तिचं टू झिमर आपल्या वन बीएचकेएवढं. सिंगापूरला सरकारी फोर रूम फ्लॅट म्हणतात त्यात बेडरूम तीनच आणि चौथा हॉल, तर इंग्लंडात नुसत्या बेडरूम सांगतात, स्क्वेअर फूट विचारला की एजंटलाच प्लॅन उघडून बघावा लागतो. बाकी किचनचं म्हणाल तर बऱ्याच घरांत नुसती नळ-पाइपची जोडणी असते, ओटा, कपाटं, सिंक सगळं भाडेकरू स्वतःचं आणतो आणि जाताना उचलून नेतो नाहीतर पुढच्याला विकतो. आपल्याला हे अजब वाटतं, पण त्या देशात निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानेच राहतात आणि तीही वर्षानुवर्षं, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की पिशव्या भरा असं नाही.

मोजणी मात्र त्यांची फार कडक. बाल्कनीची साधारण पाव जागाच धरतात, उतरत्या छपराखाली उंची एक ते दोन मीटर असेल तिथली अर्धी, एक मीटरच्या खाली शून्य. त्यामुळे तिकडचे ५० चौरस मीटर म्हणजे खरेखुरे ५० मीटर, पाचशे अडतीस फूट. लेकीला एवढं विचारा की सांगितलेलं भाडं ‘काल्ट’ का ‘वार्म’. पहिल्यात नुसती जागा, दुसऱ्यात हीटिंग आणि बिल्डिंगचा खर्च, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहून वेगळं. डिपॉझिट कायद्याने तीन काल्ट भाड्यांच्या वर घेता येत नाही, तेही तीन हप्त्यांत देता येतं. बेंगळुरूला दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट भरलेल्या पोरांना हे सांगू नका, रडतील.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आमचं घर १९०० स्क्वेअर फूट, मागे यार्ड, गराज. ठाण्यात भावाचा ९०० कार्पेटचा थ्री बीएचके. रुपयांत दोघांची किंमत जवळपास सारखी. भाऊ दर फोनला म्हणतो तुला लॉटरी लागली. मला महिन्याच्या शेवटी तसं काही वाटत नाही, मग चुकतंय कुठे?

उत्तर: किंमत सारखी आहे हो, महिना सारखा नाही. किंमत ही एकदा द्यायची गोष्ट, घर मात्र दर महिन्याला पैसे मागतं आणि प्रत्येक गावाची मागायची पद्धत वेगळी. तुमच्याकडे प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त टॅक्सवाल्या राज्यांत न्यू जर्सी येतं. पाच लाख डॉलरच्या घराला वर्षाला दहा हजार डॉलर, आणि हे कर्ज फिटलं तरी चालूच. त्यातला मोठा वाटा गावच्या शाळांना जातो, म्हणजे चांगल्या शाळेची फी तुम्ही घरपट्टीत भरताय, भाऊ ती शाळेच्या काउंटरवर भरतो. तुमच्या हिशोबात मुलांच्या शाळेचा खर्च शून्य असेल तर तो शून्य नाहीये एवढंच. मुंबईत तर जानेवारी २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या घरांना प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे.

मोजणीतही थोडी गंमत आहे. स्वतंत्र घराची मापं तिकडे भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून घेतात, फक्त गराज आणि बेसमेंट त्यात नसतं. म्हणजे १९०० ला ९०० कार्पेटशेजारी उभं करायचं तर आधी भिंतींची जाडी वजा करा, आतले जिनेही करा. तरी तुमचं घर भावापेक्षा बरंच मोठं राहतं, ते नाकारून चालणार नाही. पण मोठं घर म्हणजे मोठं छप्पर, मोठी फर्नेस, बर्फ काढायला मोठा ड्राइव्हवे, आणि गटार तुंबलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करायची सोय नाही.

लॉटरी लागलीच असेल तर ती दुसरीकडे. तीस वर्षांचं फिक्स रेट कर्ज मिळालं असेल तर हप्ता तीस वर्षं तोच, भावाचा फ्लोटिंग रेट वर गेला की त्याची मुदत वाढते. आणि अमेरिका म्हणजे एक भाव असंही नाही, ह्यूस्टनमध्ये ऐसपैस घर येईल एवढ्या पैशात सॅन होजेला कॉन्डो (म्हणजे आपला फ्लॅट) मिळाला तरी नशीब. टेक्ससला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक उड्या मारत जातात, मग तिकडचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं. कॅलिफोर्नियात तर १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे टॅक्स खरेदीच्या किमतीला बांधलेला, त्यामुळे एकसारख्या शेजारच्या दोन घरांत जुना मालक चिल्लर भरतो आणि नवा आलेला तोंडात बोट घालतो.

प्रश्न (वरळी): जन्म बीडीडी चाळीत गेला, १६० फुटांत सात माणसं. आता ५०० फुटांचं घर मिळणार. नातू विचारतो आजोबा, एवढुशा खोल्या बांधल्याच कशाला?

उत्तर: आजोबा, नातवाला सांगा त्या कुटुंबासाठी बांधल्याच नव्हत्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या, एकेका चाळीत ८० खोल्या, संडास कॉमन. हिशोब गिरणीतल्या एकट्या पुरुषाचा, बायकोमुलं कोकणात नाहीतर साताऱ्याला, ह्याने पाळी संपली की येऊन पाठ टेकायची. पुढे बायको आली, मुलं झाली, भाऊ आला, खोली तेवढीच. खासगी चाळींत भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं, मग मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाडेकरूने खोली सोडली नाही. दोघांचंही बरोबरच होतं म्हणा. वरळीला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या.

दाटीसाठी हाँगकाँगचं नाव सगळे घेतात, तिथेही माणशी साधारण १६ चौरस मीटर म्हणजे १७२ फूट पडतात. तुमच्या खोलीत माणशी २३ पडत होते! फक्त नव्या टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, सिक्युरिटीचा मेंटेनन्स येणार, त्याची तयारी पोरांनी आत्ताच ठेवावी.

प्रश्न (खराडी, पुणे): भाडं २५ हजार. तसाच फ्लॅट, रेडी पझेशन, ९० लाखांना मिळतोय. आई म्हणते भाडं म्हणजे पैसे पाण्यात. घेऊ का?

उत्तर: मित्रा, आईला हा हिशोब दाखव. १८ लाख तू घातलेस, ७२ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर ईएमआय साडेबासष्ट हजार आणि पहिल्या महिन्यात त्यातले ५१ हजार नुसतं व्याज. वर पुण्यात स्टँप ड्युटी सात टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार. घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर ड्युटीत एक टक्का सूट मिळते, हे ऐकून ती अजून मागे लागेल ते वेगळं. अंडर कन्स्ट्रक्शन असता तर पाच टक्के जीएसटीसुद्धा पडला असता. मालकाला तुझ्याकडून वर्षाला ३ लाख मिळतात, ९० लाखांवर ३.३ टक्के, तेवढं तर साधी एफडी देते आणि त्याहून जास्तच. म्हणजे आत्ता तुला राहायला देऊन मालकच सबसिडी देतोय, ती घे की! ह्याच भागात आठ-दहा वर्षं राहणार हे पक्कं असेल तर घर घेण्यात अर्थ आहे, कंपनी बदलली की बेंगळुरू असं असेल तर भाड्यानेच राहा. लग्न ठरवताना ‘स्वतःचं घर आहे का’ विचारतात, त्याचं उत्तर मात्र आमच्या एक्सेलमध्ये नाही.

प्रश्न (चिपळूण): गावी आठ गुंठ्यांत वाडवडिलांचं कौलारू घर, ओटी, पडवी, माजघर, माळा, मागे परसू. मुंबईचा पुतण्या म्हणतो विका, विरारला वन बीएचके येईल. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. कितीला जाईल?

उत्तर: आठ गुंठे म्हणजे ८,७१२ फूट, विरारच्या वन बीएचकेवाल्याला आकडा ऐकूनच घेरी येईल. पण भाव चौदा सह्यांवर आहे काका. सगळ्यांची संमती नसेल तर गिऱ्हाईक येतं ते निम्म्या भावाचं, आणि बँक अशा जमिनीवर कर्ज द्यायला तयार होत नाही, म्हणजे रोकड्यातलाच कोणीतरी शोधावा लागतो. आधी तलाठ्याकडून सातबारा, जुने फेरफार आणि ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा काढा. चौदांतले हयात किती, गेलेल्यांचे वारस कोण ते एका कागदावर लिहा, वारस नोंदी करून घ्या, मग सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज. विकायचं की ठेवायचं ते त्यानंतर. विषय गणपतीत काढा, तेव्हा सगळे हजर असतात आणि मूड बरा असतो. शिमग्याला काढू नका.