एकाच सीएनसीवर दिवसात पाच पार्ट चालत असतील तर कंट्रोल चार्ट कसा ठेवायचा?

कंट्रोल चार्ट म्हणजे मापांचे ठिपके क्रमाने मांडून सीएनसी लेथचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) काम बिघडतंय का ते पाहायचा कागद. तुमची अडचण अशी की प्रत्येक पार्टचे जेमतेम दहा-पंधरा नग निघतात, मग लिमिट (ठिपके ज्यांच्या आत राहायला हवेत त्या रेषा) काढायला पंचवीस सबग्रुप (लागोपाठच्या काही नगांचे गट) आणायचे कुठून? नाहीच मिळणार. म्हणून चार्ट पार्टचा ठेवू नका, मशीनचा ठेवा.

मापाऐवजी टार्गेटपासूनचा फरक मायक्रॉनमध्ये मांडा. टार्गेट 24.985 मिमी आणि माप 24.991 आलं, तर +6. पुढचा पार्ट 40.010 चा, माप 40.014, तर +4. नग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठिपके एका कागदावर. पार्ट बदलला तिथे उभी रेघ. लागोपाठच्या दोन फरकांमधलं अंतर म्हणजे मूव्हिंग रेंज. तिच्या सरासरीला 2.66 ने गुणा आणि मधल्या रेषेच्या (सगळ्या फरकांच्या सरासरीच्या) वर-खाली तेवढ्यावर लिमिट मारा.

आमच्याकडे आधी पार्टवार चार्ट होते. ऑडिटला दाखवायला झकास. तरी सकाळचे पहिले नग रिवर्कला जायचे आणि खापर फुटायचं ऑपरेटरवर. एकत्र चार्ट लावल्यावर आठवड्याभरात दिसलं की पार्ट कुठलाही असो, शिफ्ट सुरू झाल्यापासून दीडेक तास ठिपके सरकत जातात, मग स्थिरावतात. मशीन तापत होतं! पोलाद दर अंशाला मीटरमागे 11-12 मायक्रॉन वाढतं, आणि एक्स अ‍ॅक्सिस (टूल नगाकडे नेणारी दिशा) जेवढी सरकते त्याच्या दुप्पट फरक व्यासात पडतो. आधीच्या चार्टांत हीच चाल पाच तुकड्यांत विखुरलेली, दिसणार कशी? आता अर्धा तास मशीन रिकामं फिरवतो, मगच पहिला नग.

टार्गेट म्हणून ड्रॉइंगचं मधलं माप डोळे झाकून घेऊ नका. ऑपरेटर ओडी (बाहेरचा व्यास) प्लसकडे ठेवतो, बोअर (आतलं भोक) मायनसकडे, कारण मटेरियल शिल्लक असलं तर पुन्हा कट घेता येतो. जास्त कापलं गेलं की नग भंगारात. त्यामुळे ओडीनंतर बोअरचा पार्ट लागला की चार्ट उगाच उडी मारतो. जुन्या लॉटची सरासरी हेच टार्गेट धरा.

ईएन8 (साधं पोलाद) आणि एसएस 304 (स्टेनलेस) एकत्र घालण्याआधी दोघांच्या रेंज तपासा. फारच वेगळ्या असतील तर फरकाला त्या त्या गटाच्या सिग्माने (मापं किती विखुरतात त्याच्या आकड्याने) भागा, मग लिमिट सरळ ±3.

टॉलरन्सच्या (ड्रॉइंगने मान्य केलेल्या कमी-जास्त मापाच्या) रेघा या चार्टवर नकोत. एका ऑडिटरने हट्टच धरला होता, त्यांना वेगळा कागद दिला.

एकाच नगाची पाच-सहा मापं एकमेकांवर अवलंबून असतील तर हॉटेलिंगचा टी-स्क्वेअर चार्ट आहे, पण ते पुढचं.

ठिपके ऑपरेटरलाच मारू द्या. आमचा ऑपरेटर इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलला की चार्टवर ‘इ’ लिहितो. इन्सर्ट झिजेल तशी ओडी वाढत जाते, म्हणून ‘इ’ नंतर ठिपका खाली यायला हवा. नाही आला तर मला फोन येतो.