केसांची जाळी: कोणत्या कामाला कोणती?

प्रश्न: माझे केस कमरेपर्यंत लांब असून अंबाड्यावर मी नेहमी नायलॉनची जाळी लावते. आता मी खाद्यपदार्थ तयार करण्याच्या कामावर रुजू होणार आहे. तेथे हीच जाळी चालेल का? रात्री झोपताना जाळी लावावी का? – एक वाचक

उत्तर: खाद्यपदार्थांच्या कामासाठी अंबाड्याची जाळी पुरेशी नाही. गुंडाळलेले केस एकत्र धरून ठेवणे एवढेच तिचे काम असते. तिची घरे मोठी असल्यामुळे सुटलेला केस त्यांतून सहज निसटतो आणि कपाळ, कानशिले व मान यांवरचे बारीक केस तर उघडेच राहतात. निरोगी माणसाचेही दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात, त्यामुळे केस कितीही स्वच्छ ठेवले तरी आच्छादनाला पर्याय नाही. त्यासाठी अगदी बारीक घरांची जाळी किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकपासून बनवलेली, एकदाच वापरून टाकून देण्याची टोपी घ्यावी.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी अंबाडा घट्ट बांधावा, मग कपाळापासून मानेपर्यंत आणि कानांसह सगळे केस झाकले जातील अशी टोपी घालावी, त्यानंतर कामाचा स्वच्छ अंगरखा चढवावा, म्हणजे टोपी घालताना गळलेले केस त्यावर पडत नाहीत. आणि शेवटी हात धुवावेत. काम चालू असताना टोपीला हात लागलाच, तर हात पुन्हा धुतले पाहिजेत. टोपी बसवायला पिना मात्र वापरू नका, कारण पदार्थात पडलेली पीन केसापेक्षा कितीतरी घातक असते. दाढी राखणाऱ्या सहकाऱ्यांनी दाढीवरही जाळी लावणे तितकेच आवश्यक आहे.

जवळ फिरते यंत्र असेल, तर अंबाडा सैल राहणार नाही याची विशेष काळजी घ्यावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत स्त्रियांचे मोकळे केस यंत्रांत अडकू लागले, तेव्हा डोळ्यावर बट सोडणारी लोकप्रिय अभिनेत्री व्हेरॉनिका लेक हिने सरकारच्या विनंतीवरून आपली केशरचना बदलली होती.

रात्री केसांची ठेवण टिकवण्यासाठी मऊ, सैल जाळी लावायला हरकत नाही. पण उशीवर होणारे घर्षण ती फारसे रोखत नाही, त्यासाठी सॅटिनची टोपी अधिक उपयुक्त ठरते. केस पूर्ण वाळल्याशिवाय दोन्हींपैकी काहीही लावू नये. कपाळावर इलॅस्टिकचा वळ उठत असेल, तर ती जाळी बदलावी, कारण रोजच्या ताणाने तेथील केस विरळ होऊ शकतात.