पहिल्या टाकीत कोणाला कोणासोबत ठेवायचं?

अरे, दुकानात मासा आवडला की लगेच पिशवीत घेऊ नकोस, आधी घरचं पाणी बघ. आपल्या इंदुरात बोरिंगचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त. त्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात. निऑन टेट्राला मऊ पाणी मानवतं, तो हट्ट तूर्त सोड. एंजल आता रुपयाएवढा दिसतो, पण मोठा झाला की 15 सेंटीमीटर उंच, आणि तोंडात मावेल ते गिळतो. टायगर बार्ब तर गप्पीच्या शेपटीच्या पार चिंध्या करतात! गोल्डफिशला गार पाणी हवं, घाणही फार; त्याची टाकी वेगळीच. तळाला ब्राँझ कोरीडोरास हे छोटे मासे घे, पण किमान सहा; एकटा बिचारा कोपऱ्यात दबून बसतो. नर्मदेचं नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच भर.